'हिस्टेरिया' (२०११) : व्हिक्टोरियन लंडनमधला डॉक्टर, त्याचं यंत्र आणि दोन बहिणी

जाईजुई (धागा)

टान्या वेक्सलर या दिग्दर्शिकेचा 'हिस्टेरिया' हा इंग्रजी सिनेमा २०११ साली टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालीच नाही. ज्यांनी पाहिलाय तेही विषय निघाला की आवाज खाली आणतात, कारण सिनेमा व्हायब्रेटरच्या जन्माबद्दल आहे. मला तो मनापासून आवडतो आणि त्यातल्या एका गोष्टीवर माझा तितकाच मोठा आक्षेप आहे. दोन्हीवर मोकळेपणानं बोलायला हा धागा. कथा शेवटापर्यंत सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

१८८० च्या सुमाराचं लंडन. मॉर्टिमर ग्रॅनव्हिल (ह्यू डॅन्सी) हा तरुण डॉक्टर रुग्णालयात स्वच्छतेचा आग्रह धरतो, जंतूंचं नाव काढतो आणि वरिष्ठ त्याला घरचा रस्ता दाखवतात. नोकरीसाठी वणवण करत तो डॉ. डॅलरिंपल (जोनाथन प्राइस) यांच्या दवाखान्यात पोचतो. तिथे सुखवस्तू घरांतल्या बायकांची रीघ लागलेली. कुणाला झोप नाही, कुणाला सारखं रडू येतं, कुणाला नवऱ्याचा वीट आलाय. निदान सगळ्यांचं एकच, हिस्टेरिया. आणि उपाय म्हणजे डॉक्टरांनी पडद्याआड हातानं केलेला 'मसाज'.

या दृश्यांची खरी गंमत म्हणजे आपण काय करतोय हे खोलीतल्या कुणालाच मान्य नाही. डॉक्टर मोठी शस्त्रक्रिया चालल्यासारखे गंभीर. बाई छताकडे बघतेय. एक गायिका रुग्ण तर ऐन वेळी ऑपेराची तान घेते. दाखवलं जातं ते चेहऱ्यांवर, बाकी सगळं कापडाआड. जोनाथन प्राइस चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाही. विषय चावट असून सिनेमा कुठे घसरत नाही, तो या शिस्तीमुळे.

पुढे दिवसभराच्या या कामानं ग्रॅनव्हिलचा हात आखडतो, एक बाई नाराज होते, नोकरी पुन्हा जाते. त्याचा श्रीमंत मित्र एडमंड (रूपर्ट एव्हरेट) विजेच्या उपकरणांनी झपाटलेला. त्यानं केलेला विजेवर फिरणारा पिसांचा झाडू ग्रॅनव्हिलच्या हातात थरथरतो आणि दुखऱ्या हाताला आराम पडतो. तिथून यंत्राची कल्पना. पहिली चाचणी डॅलरिंपलच्या घरातल्या मॉली या मोलकरणीवर, तिच्या राजीखुशीनं.

पण मला सिनेमा आवडतो तो डॅलरिंपलच्या मुलींमुळे. धाकटी एमिली (फेलिसिटी जोन्स) पियानो वाजवणारी, वडिलांच्या शब्दाबाहेर नसलेली, आणि कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगायच्या शास्त्रात रमलेली. थोरली शार्लट (मॅगी जिलनहाल) ईस्ट एंडच्या गरीब वस्तीत आश्रयघर चालवते, सायकल दामटते, वडिलांशी भांडून पैसे मागते. ग्रॅनव्हिलचं लग्न ठरतं एमिलीशी, आणि जीव कुठे जडणार हे प्रेक्षकाला पहिल्या भेटीतच कळलेलं असतं. साखरपुड्याच्या समारंभात शार्लट पोलिसावर हात टाकते. खटला उभा राहतो. हिला हिस्टेरिया आहे, वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, गर्भाशय काढा, अशी मागणी होते. साक्षीला ग्रॅनव्हिल. आणि तो भर कोर्टात सांगतो की हिस्टेरिया असं काही नाहीच, आयुष्यात कोंडमारा झालेल्या बायकांना डॉक्टरांनी डकवलेलं ते लेबल आहे.

इतका वेळ ज्या शब्दावर आपण हसत होतो तोच शब्द एका बाईचं पोट फाडायचं कारण होऊ शकतो, हे या दृश्यात अचानक अंगावर येतं. विनोदी सिनेमाला हे जमणं सोपं नाही.

आता आक्षेप. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी येते की ही कथा सत्य घटनांवर आधारित आहे. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल हा खरा माणूस, १८३३ ते १९००. त्यानं मज्जातंतूंना ठरावीक गतीनं ठोके देणारं यंत्र केलं हेही खरं, आधी चावीवर चालणारं, मग विजेवर. 'ग्रॅनव्हिलचा हातोडा' म्हणून ते ओळखलं जायचं. पण ते होतं मज्जातंतूंची दुखणी आणि तसल्याच व्याधींसाठी. १८८३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं स्वच्छ लिहिलंय की बायकांवर हा उपचार करणं मी टाळत आलोय आणि पुढेही टाळणार. कारण काय, तर हिस्टेरियाच्या लहरींमुळे आपली फसगत होईल आणि आपल्यामुळे इतरांचीही.

म्हणजे बघा. सिनेमातला ग्रॅनव्हिल कोर्टात उभा राहून हिस्टेरिया थोतांड आहे म्हणतो. खऱ्या ग्रॅनव्हिलचा हिस्टेरियावर पक्का विश्वास होता, अविश्वास होता तो बायकांच्या सांगण्यावर. जो पुरुष बायकांचं दुखणं ऐकायलाच तयार नव्हता त्याला सिनेमानं त्यांचा तारणहार करून टाकलं. पडद्यावर ती पाटी नसती तर मी हे चालवून घेतलं असतं. पाटी आहे म्हणून मला राग येतो.

खडीसाखर

जाईताई, सुरेख लिहिलंय. एडमंडचं पात्र माझं लाडकं. सबंध सिनेमात नव्या युगाला न घाबरलेला तो एकटाच.

पण एक विचारते. डॉक्टर बायकांना असा 'उपचार' करायचे, हात दुखायला लागले म्हणून यंत्र आलं, हे तर मी मराठी-इंग्रजी दोन्हीकडे कितीदा वाचलंय. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतसुद्धा. ते सगळंच खोटं?

बखरकार

खडीसाखर, थोडं विस्तारानं सांगतो.

या गोष्टीचा उगम रेचल मेन्स या अभ्यासिकेच्या १९९९ सालच्या पुस्तकात आहे. हिपोक्रेटिसच्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत डॉक्टर हे करत आले, त्यांना हे काम कंटाळवाणं वाटायचं आणि त्यातून यंत्र निघालं, अशी त्यांची मांडणी. पुढे २०१८ मध्ये हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग या दोघांनी मेन्स यांनी दिलेले संदर्भ एकेक करून मूळ ग्रंथांत तपासले. डॉक्टर हा उपचार सर्रास करायचे असं सिद्ध करणारा एकही संदर्भ त्यांना सापडला नाही. प्राचीन ग्रीक-लॅटिन उताऱ्यांच्या वाचनावर हेलन किंग यांनी त्याआधीच हरकत घेतली होती. खुद्द मेन्स यांचं म्हणणंही नंतर असंच राहिलं की मी एक तर्क मांडला होता. पण तोवर तर्काचा इतिहास होऊन गेला होता, आणि सिनेमानं त्यावर शिक्का मारला.

त्या काळच्या डॉक्टरांना कशाचा पत्ता नव्हता, ही कल्पनाही टिकत नाही. रॉबर्ट ब्रूडेनेल कार्टर या इंग्रज डॉक्टरानं १८५३ मध्ये हिस्टेरियावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याची तक्रार काय, तर स्पेक्युलमनं (योनीमार्ग तपासायच्या उपकरणानं) तपासणी केल्यानं बायकांची नीती बिघडते, त्यांना त्या तपासणीची चटक लागते. जिथे साध्या तपासणीच्या उपकरणावरून इतका थरथराट, तिथे सिनेमातला तो दवाखाना एक आठवडाही चालला नसता.

आणि जे खरोखर व्हायचं ते हसण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत सायलस वियर मिचेलची विश्रांतीची चिकित्सा होती. बाईला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवायचं, वाचन बंद, लिहिणं बंद, माणसांना भेटणं बंद, आणि भरपूर दूध पाजून वजन वाढवायचं. लंडनमध्ये आयझॅक बेकर ब्राउन नावाचा शल्यविशारद हिस्टेरिया आणि फेफऱ्यावर उपाय म्हणून बायकांची शिस्निका कापायचा. १८६७ मध्ये त्याला तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सोसायटीनं काढून टाकलं. काढलं ते बरंच झालं, पण त्या चर्चेत बाईच्या शरीराच्या हानीइतकाच, किंबहुना जास्तच जोर होता तो हे सगळं नवऱ्याच्या, घरच्यांच्या नकळत केलं का यावर. १८७२ पासून रॉबर्ट बॅटी आणि त्याच्या मागोमाग इतरांनी मानसिक त्रासासाठी चांगली निरोगी अंडाशयं काढायला सुरुवात केली. कोर्टातल्या दृश्यात शार्लटला जी भीती दाखवतात ती कपोलकल्पित नाही. सिनेमात सगळ्यात खरं काही असेल तर तेच.

सूतिका

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी दवाखाना आहे. बखरकारांच्या प्रतिसादात दोन गोष्टींची भर घालते.

एक म्हणजे, त्या काळी ओटीपोटाचा मसाज नावाचा उपचार होता. स्वीडनचा थुरे ब्रांट तो करायचा, अंग बाहेर येणं वगैरे तक्रारींसाठी. एक हात पोटावर, एक आत. त्याचा हेतू आणि पद्धत दोन्ही वेगळी, आणि त्यावरही वैद्यकात वाद झालेच. जुन्या पुस्तकातले असे उल्लेख आजच्या नजरेनं वाचले की घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीतून हिस्टेरिया १९८० साली गेला. कागदावरून गेला. माझ्याकडे एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आली होती. पाळीच्या दिवसांत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची, कॉलेज बुडायचं. फाइल जाडजूड. सोनोग्राफीचे रिपोर्ट नॉर्मल, आणि एका कागदावर शेवटी इंग्रजीत एवढंच की चिंतेची बाब नाही, लग्न झाल्यावर बरं होईल. लॅपरोस्कोपी केली, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराचे) डाग आतड्यापर्यंत गेलेले होते. आईला फोटो दाखवला, तर ती माउली रडायलाच लागली, 'आम्ही हिला नाटकी म्हणायचो हो डॉक्टर'.

तेव्हा त्या साक्षीच्या दृश्यात मला काही जुनंपुराणं वाटलं नाही. ग्रॅनव्हिल खरा तसा नव्हता हे इथेच कळलं आणि वाईट वाटलं.

जंतूंचा भाग मात्र सिनेमानं चांगला घेतलाय. झेमेलवाइस या डॉक्टरानं व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले ते १८४७ साली. त्या एप्रिलमध्ये त्याच्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनवर आल्या. तरी सहकाऱ्यांनी मानलं नाही. लिस्टर या शल्यविशारदानं ग्लासगोला १८६५ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बॉलिक अ‍ॅसिडनं बांधली, पाय वाचला. १८६७ मध्ये त्यानं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते सगळं छापलं. म्हणजे सिनेमा घडतो तेव्हा पुरावा समोर येऊन दशक उलटून गेलं होतं, आणि तरी 'जंतू दाखवा मग मानू' म्हणणारे मोठे डॉक्टर शिल्लक होते. ती सुरुवातीची चार-पाच मिनिटं मी आमच्या नर्सिंगच्या मुलींना दाखवते.

गावठाण

मला हे सगळं वाचून सिनेमावर अन्याय होतोय असं वाटतंय, म्हणून लिहितो.

त्या पाटीत 'सत्य घटनांवर आधारित' एवढंच नाही, पाठोपाठ 'खरंच' असाही शब्द येतो. तिथेच दिग्दर्शिकेनं डोळा मारलाय. बघणाऱ्याला कळतं की ही चाल हलकीफुलकी आहे. डॅलरिंपल काल्पनिक, शार्लट काल्पनिक, एमिली काल्पनिक. प्रेमकथेला आपण कागदपत्रं मागायला लागलो तर एकही सिनेमा उभा राहणार नाही. शिवाय २०११ पर्यंत ही गोष्ट बहुतेक ठिकाणी खरीच मानली जात होती. २०१८ च्या शोधासाठी २०११ च्या माणसांना का धरायचं?

आणि मुख्य म्हणजे एका स्त्री-दिग्दर्शिकेनं स्त्रीच्या सुखाबद्दल लाज न बाळगता, कुणाला हिणवल्याशिवाय सिनेमा काढला. त्यात मॉली या मोलकरणीलाही सुख मिळतं, शिक्षा होत नाही. असे सिनेमे किती आहेत? मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

जाईजुई

गावठाण, मॉलीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रस्त्यावरून घरकामाला आलेल्या बाईकडे सिनेमा एकदाही वरून बघत नाही, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. आणि २०१८ चा मुद्दाही रास्त. मेन्स यांच्या पुस्तकावर विसंबल्याबद्दल मी पटकथाकारांना दोष देत नाही.

पण ग्रॅनव्हिलचं पुस्तक १८८३ चं आहे. ज्याचं नाव नायकाला दिलंय त्याचं स्वतःचं म्हणणं काय होतं हे बघायला २०१८ ची वाट बघावी लागत नाही. नाव बदललं असतं तरी काही बिघडत नव्हतं. डॅलरिंपलला काल्पनिक नाव आहेच की.

आणि गंमत म्हणजे खऱ्या ग्रॅनव्हिलमध्येही सिनेमा होता. १८७५ ते १८७७ या काळात 'लॅन्सेट'साठी त्यानं वेड्यांच्या इस्पितळांची पाहणी केली होती, त्यावर दोन खंड लिहिले. शार्लटला ज्या जागेत पाठवायचं म्हणतात तशा जागा आतून बघून आलेला माणूस तो. साक्षीच्या पिंजऱ्यात तो त्या अनुभवावर बोलला असता तर केवढी ताकद आली असती! हे त्यांच्या हाताशी होतं आणि वापरलं नाही, ही हळहळ जास्त आहे.

लीड्सकर

धागा आवडला. मी इंग्लंडात लीड्सला राहते, त्यामुळे माझं मन शार्लटपाशी अडकलं. सिनेमात ती म्हणते की तिला वैद्यक शिकायचं होतं, असं मला आठवतं. नसेल म्हणत तर म्हणायला हवं होतं, कारण नेमक्या त्याच वर्षांत या देशात ते भांडण चालू होतं आणि त्यात जितकं नाट्य आहे तितकं त्या यंत्रात नाही.

एलिझाबेथ गॅरेटनं १८६५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या सोसायटीची परीक्षा दिली, कारण त्यांच्या नियमांत 'बायकांना मज्जाव' असं लिहायचं राहून गेलं होतं. सोसायटी टाळाटाळ करायला लागली तेव्हा वडिलांनी कोर्टाची धमकी दिली. ती पास झाली आणि सोसायटीनं लगेच नियम बदलून मागचं दार लावून घेतलं.

मग १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि बाकीच्या मिळून सात जणी एडिंबरा विद्यापीठात दाखल झाल्या. त्यांतली एडिथ पेची रसायनशास्त्राच्या परीक्षेत इतकी वर आली की शिष्यवृत्ती तिचीच व्हायची. ती तिला नाकारून तिच्या खालच्या मुलाला दिली. १८ नोव्हेंबर १८७० ला शरीररचनेच्या परीक्षेला या मुली गेल्या तेव्हा शेकडोंच्या जमावानं त्यांच्यावर चिखल फेकला, फाटक तोंडावर आपटलं. कशाबशा आत शिरल्या तर कुणीतरी परीक्षेच्या दालनात मेंढी सोडली. शेवटी १८७३ मध्ये कोर्टानं निकाल दिला की विद्यापीठानं यांना पदवी द्यायची गरज नाही.

त्या हटल्या नाहीत. १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा काढली. १८७६ मध्ये बायकांनाही डॉक्टरकीचा परवाना द्यायची मुभा देणारा कायदा झाला, डब्लिनच्या वैद्यक मंडळानं त्यांची परीक्षा घ्यायचं कबूल केलं. एडिथनं स्वित्झर्लंडमधल्या बर्नला एमडी केलं आणि पहिली काही वर्षं आमच्या लीड्सला प्रॅक्टिस केली.

आता यातलं आपलं नातं. १८८३ च्या अखेरीस हीच एडिथ पेची मुंबईला आली, आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा हॉस्पिटलची धुरा तिनं वाहिली. चिखल आणि मेंढी बघून आलेली ही बाई.

बखरकार

लीड्सकर, फार मोलाचं लिहिलंत. तुमचाच धागा पुढे नेतो, कारण याच एडिथबाईंमुळे एक मराठी मुलगी सिनेमातल्या त्या लंडनमध्ये पोचली. रखमाबाई.

अकराव्या वर्षी लग्न झालेलं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले, वनस्पतिशास्त्रातही नावाजलेले. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये ती नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईच्या बाजूनं कौल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये निकाल लागला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंगात जाईन. टिळकांचा 'केसरी' तिच्या विरोधात होता, हेही आपण मराठी माणसांनी लपवू नये. १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली.

या सगळ्या काळात एडिथ पेची तिच्या पाठीशी होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेली, त्याच स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत. तेव्हा तिथली डीन कोण, तर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, त्या औषधविक्रेत्यांच्या परीक्षेवाल्या. शिकून परतल्यावर रखमाबाईनं सुरत, राजकोट इथे आयुष्यभर बायकांची बाळंतपणं आणि आजारपणं काढली. १९५५ मध्ये गेली.

कोर्टात उभी राहून तुरुंग पत्करणारी नायिका शार्लट काल्पनिक आहे. तिला शोभेल अशी खरी नायिका त्याच दशकात मुंबईच्या हायकोर्टात उभी होती.

खडीसाखर

काटा आला. मी कामा हॉस्पिटलमध्ये जन्मलेय आणि मला एडिथ पेची हे नाव आज पहिल्यांदा कळतंय.

आपल्याकडे 'आनंदी गोपाळ' २०१९ मध्ये आला, सगळ्यांनी बघितला, रडले. रखमाबाईवरही अनंत महादेवन यांनी सिनेमा केला होता ना, तनिष्ठा चॅटर्जीचा? तो किती जणांनी पाहिला? आनंदीबाईंची गोष्ट नवऱ्याच्या पाठिंब्याची, म्हणून ती आपल्याला गोड वाटते. रखमाबाईंची गोष्ट नवऱ्याला नाकारण्याची. ती आपल्याला अजून जड जाते असं मला वाटतं.

शिरीष_नाशिक

खडीसाखर यांचा मुद्दा पटला. आनंदीबाई मात्र मोठ्याच. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीस वर्षांच्याही नव्हत्या. दोघींना समोरासमोर उभं करायला नको.

मला सांगायचंय ते एडिथबाईंच्या प्रेमकथेबद्दल, कारण धागा शेवटी प्रेमपटावर आहे. मुंबईत त्यांनी १८८९ मध्ये हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केलं. फिप्सन दारूचे व्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे आधारस्तंभ. अपोलो स्ट्रीटवरच्या त्यांच्या पेढीच्या जागेतच सोसायटीचं संग्रहालय भरायचं. तिथे विल्यम नावाचा मोठा धनेश पाळलेला होता. आज सोसायटीच्या चिन्हावर जो पक्षी आहे तो त्याच्यावरूनच. एका खोलीत दारूचा हिशेब, दुसरीत साप-पक्ष्यांचे नमुने, आणि चाळिशी ओलांडलेली डॉक्टरीण बाई नवऱ्याला भेटायला पायऱ्या चढून येतेय. लग्नानंतरही ती काम करतच राहिली. १८९० मध्ये तिनं मुंबईच्या हिंदूंपुढे बालविवाहाविरुद्ध भाषण केलं, म्हणजे रखमाबाईचं प्रकरण ती विसरली नव्हती. नवराबायकोनं मिळून आमच्या नाशिकजवळ बायका-मुलांसाठी आरोग्यधाम काढलं. १९०५ मध्ये दोघं परतली, १९०८ मध्ये ती गेली.

यावर कुणी सिनेमा करावा. यात खलनायक आहे, विनोद आहे, प्रेम आहे, पक्षीसुद्धा आहे.

गावठाण

शिरीष, हे तर मस्तच. आणि व्हिक्टोरियन वैद्यकातला विनोद हवा असेल तर तोही खराच सापडतो, हे मलाही मान्य करावं लागतंय. जेम्स यंग सिम्प्सन या एडिंबराच्या प्रसूतितज्ज्ञानं ४ नोव्हेंबर १८४७ ला घरच्या जेवणाच्या टेबलावर दोन मित्रांबरोबर क्लोरोफॉर्म हुंगून बघितला. तिघेही आधी खुशीत बडबडले आणि मग धडाधड टेबलाखाली. शुद्धीवर आल्या आल्या सिम्प्सनच्या मनात आलं की हे ईथरपेक्षा भारी आहे. सहा वर्षांनी राणी व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात जॉन स्नोच्या हातून हाच क्लोरोफॉर्म घेतला आणि 'वेणा सोसणं ही देवाची इच्छा' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

तरीही माझं मत तेच. 'हिस्टेरिया' नसता तर आपण इथे ग्रॅनव्हिलपासून फिप्सनपर्यंत आलोच नसतो.

सूतिका

गावठाण, त्या राणीच्या बाळंतपणात स्नोनं रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म टाकून जवळजवळ तासभर दिलं होतं, राणी पूर्ण बेशुद्ध न होता. आजच्या भूलतज्ज्ञाला कौतुक वाटावं असं काम. हाच स्नो वर्षभरानं ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचा दांडा काढायला लावतो आणि कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवतो. त्याच्यावरही कुणीतरी करा सिनेमा.

अनामिका_ठाणे

सगळे प्रतिसाद वाचले, आज रात्री लावणार आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, मेडिकलला जायचं म्हणतेय. आणि सासूबाईही घरात असतात, त्यांना जुन्या काळातले इंग्रजी सिनेमे फार आवडतात. तिघींनी एकत्र बघितला तर चालेल का?

जाईजुई

मुलीबरोबर बेलाशक बघा. नग्नता नाही, चेहरे आणि आवाज आहेत, संवाद मोकळे आहेत. सतराव्या वर्षी तिला हे सगळं ठाऊक असतं, आणि डॉक्टर व्हायचं म्हणतेय तर कोर्टाचं दृश्य तिनं बघायलाच हवं. नंतर सूतिकाताईंचा त्या मुलीच्या फाइलचा प्रतिसाद तिला वाचायला द्या.

सासूबाईंचा अंदाज तुम्हालाच जास्त. मी माझ्या सासूबाईंना आधी दोन वाक्यांत विषय सांगितला होता आणि त्या म्हणाल्या, बघू की. मधल्या दवाखान्याच्या प्रसंगांना त्या खळखळून हसल्या. एमिलीबद्दल मात्र त्यांना वाईट वाटलं, ती शेवटी स्वतःच्या मनानं लग्न मोडते आणि कुणी तिला विचारत नाही की तुझं पुढे काय. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. तुमच्याकडे काय झालं ते उद्या लिहा.